पलंगाजवळचे खंड

अक्का,

ग्रंथालयात जाऊन तासाभरात येतो. माझ्या पलंगाजवळ कोशाचे खंड दोन चळतींत रचलेत, ते कपाटात लावू नकोस. सकाळी धापांचा आवाज कसला, असं तू विचारलंस तेव्हा मी खोकला म्हणालो. ते खोटं होतं. त्या खंडांवर तळवे टेकून मी जोर काढतो. आधी भिंतीला हात लावून काढायचो, मग ओट्याला. आता दर पंधरवड्याला दोन्हीकडचा एकेक खंड कमी करतो. जमिनीवरून अजून एकही जमलेला नाही, या वयात जमेल असंही वाटत नाही.

ही गेली त्या दिवशी न्हाणीघरात पडली, तेव्हा मी तिला तीनदा ओढून पाहिलं. "जन्मभर एवढी पुस्तकं उचललीत, मला एकटीला उचलवत नाही होय तुम्हाला?" असं म्हणाली, तेही हसून. शेजारी येईपर्यंत तिचे हात गार पडले होते. ते वाक्य अजून रोज सकाळी ऐकू येतं.

न्हाणीघराची कडी आतून लावू नकोस. डॉक्टरांच्या कागदावर तुझं वजन पाहिलं. तेवढं उचलायला मला अजून दोन महिने तरी लागतील. तोवर पडू नकोस.

धाकटा