उल्हासच्या पाण्याची बाटली

गोवा, १९ ऑगस्ट

प्रिय आई,

तुझ्या आणि बाबांच्या पायांना इथूनच हात लावते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आमची संशोधनाची बोट वसईच्या समुद्रात आठ दिवस फिरून आली. समुद्रापेक्षा नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन जरा हलका असतो. तो मोजला की कळतं, आपल्या उल्हास नदीचं पाणी समुद्रात कुठवर मिसळलंय. म्हणून तर दर रविवारी बाबांकडून नदीच्या पाण्याची बाटली मागवते.

या वेळच्या बाटलीत हवेचा बुडबुडा होता; त्याने मोजमाप चुकतं. बाबा कधीच बुडबुडा राहू देत नाहीत. बाटली पाण्याखालीच बंद करतात, पंच्याने पुसतात, तारीख-वेळ स्वतः लिहितात. धाकटा सुजित मदतीला गेला तर, "हात नको लावू, तुला नाय जमायचं!" म्हणून ओरडतात. आणि या वेळी अक्षर सुजितचंच!

फोन केला तर म्हणतो, "ताई, टेन्शन नको घेऊ, बाबा बिझी आहेत." बाबा आणि बिझी? तूही फोनवर नुसतं शेतातल्या भाताचंच सांगत राहिलीस.

गावात लाइट टिकते का? शेजारच्या हर्षदाची परीक्षा झाली? बाबांच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या, ते डॉक्टरांना दाखवलं का?

सुजितच्या अक्षरातली ती बाटली घेऊन तीनदा मशीनपाशी गेले आणि न मोजताच परत आले.

येत्या रविवारी बाबांच्या हातची तारीख लिहिलेली बाटली पाठवा. रिकामी असली तरी चालेल.

तुझीच,
किर्ती