ह्यांचा सोमवार

११ मे १९८४, शुक्र.
वर्धा, दवाखाना. परवा हे केळझरच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला चढले आणि घसरले. डोक्यावरच पडले. दहादा सांगितलं होतं, मजूर लावा. पण नाही! खादी भांडारातला माणूस, सगळं स्वतःच्या हातानं. भोगा आता.

डॉ. सुलभा म्हणून पोरगी आहे, साताऱ्याकडची. बेशुद्ध म्हणजे बेशुद्ध, एवढंच मला ठाऊक. हिच्याकडं त्याचेही मार्क. डोळे चार, बोलणं पाच, हालचाल सहा, एकूण पंधरा. ह्यांना सात. शून्य देतच नाहीत म्हणे, काहीच हाललं नाही तरी तीन. मी चौथीला शिकवते, इतकी उदार कधी झाले नाही.

नखावर पेन दाबून बघते. मी ओरडलेच, "अहो बाई, माणूस आहे तो!" ह्यांनी हात ओढून घेतला, तर ती खूश. "काकू, दुखलेलं कळतंय त्यांना." नवऱ्याला दुखलं म्हणून मीही हसले. काय दिवस आलेत.

१३, रवि.
हाक मारली की डोळे उघडतात. कण्हतात. बोलण्याचे दोन मार्क. विठ्ठलभाऊजी, माझे दीर, पेढे आणायला निघाले होते. बसा म्हटलं गप.

१४, सोम.
सकाळी तोंड धुवायला गेले होते. भाऊजी धावत आले. "वैनी, दादा बोलून राह्यला!"

खरंच. सुलभाबाईनं नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. ही जागा कोणती? दवाखाना. महिना? मे. बोलण्याचे पाच पैकी पाच. सगळा वॉर्ड खूश, शेजारच्या खाटेवरची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवते आहे. आणि मी आपली रडते आहे. हे म्हणतात, "काऊन रडून राह्यली तू?"

काय सांगू ह्यांना? आज सोमवार.

लग्नाआधीपासून ह्यांचं सोमवारी मौन. आश्रमात शिकले ते. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सोमवारच्या दिवेलागणीपर्यंत एक शब्द नाही. सासूबाई गेल्या तो सोमवार होता. तेव्हाही पाटीवर लिहिलं, तोंड उघडलं नाही. आणि आज खुशाल बडबडताहेत.

सुलभाबाईला सांगितलं. हसली. "काकू, बोलताहेत ना, मग?" मग जरा थांबून म्हणाली, वार विचारायचा राहिला.

१६, बुध.
बोलणं थांबत नाही. मला म्हणतात, "मायले चहा देजो." सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. देते म्हटलं. सुलभाबाईनं एक मार्क कापला. मला काही बोलली नाही, पण जाताना खांद्यावर हात ठेवला. पोरगी चांगली आहे.

१९, शनि.
मायचं विचारलं नाही आज. खिचडी खाल्ली, मीठ कमी म्हणून कुरकुरले. बरं वाटलं.

२१, सोम. दुपार.
सकाळपासून शब्द नाही. झोपाळलेत, हाक मारली तर डोळे उघडतात, बघतात, मिटतात. नाव विचारलं, गप्प. गाव, गप्प. सुलभाबाईचा चेहरा उतरला. आत रक्त साकळलं असेल, नागपूरला न्यायला हवं म्हणते. जीप सांगितली.

मी म्हटलं, बाई, आज सोमवार.

भाऊजींना खोदून खोदून विचारलं, वार सांगितलात का त्यांना? "आईची आन वैनी, नाई." मग ह्यांना कळलं कसं? कळलं असेल तर माझा माणूस परत आला. नसेल कळलं, तर मी इथं वेळ घालवते आहे आणि तिकडं डोक्यात...

सुलभाबाई म्हणाली, "हात दाबतात सांगितल्यावर, बाहुल्या दोन्ही सारख्या आहेत. दिवेलागणीपर्यंत थांबते. जरा फरक दिसला की निघायचं, काकू." दर थोड्या वेळानं टॉर्च घेऊन येते. पाटी नेऊन धरली तर पेन्सिल हातातून गळाली. उजवा हात पडल्यापासून तसाही अशक्तच आहे. की...

तीच, संध्याकाळ.
सोमवार खरा माझा असतो. आठवडाभराचं साचलेलं ऐकवते, उलट उत्तर येत नाही. आजही खाटेशी बसून सगळं ऐकवलं. कवेलूंचं. मजूर न लावल्याचं. मागच्या सोमवारी बोलून मला रडवल्याचं. तुमच्याशिवाय मला नाही करमत, हेही. ते एरवी ऐकवत नाही. डोळे मिटलेलेच. ओठाचा कोपरा हलला असं मला वाटलं. भाऊजी म्हणतात, माशी होती.

जीप पायरीशी लागली आहे. सुलभाबाई उशाशी उभी, टॉर्च हातात.

इतकी वर्षं सोमवारी दिवा लागला की ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. पाटी बाजूला ठेवायची, माझ्याकडं बघायचं, "झालं तुह्यं बोलून?" किती राग यायचा मला त्याचा.

भाऊजींनी प्रार्थना म्हटली, अडखळत. वॉर्डातले दिवे लागले.

झालं माझं बोलून. विचारा आता.