कोडमधलं रेणूचं नाव

पांढुर्णा, मंगळवार, १९८८

आज सौंसरच्या जिनिंगमध्ये ओळखीच्या विलासनं विकलेला कापूस-तोलाईचा कॉम्प्युटर प्रोग्राम पाहिला. तो तर माझाच! विश्वासानं त्याला फ्लॉपी नुसती पाहायला दिली होती. एवढंही कळू नये मला?

मी त्याला जिनिंगच्या शेटजींसमोर कोड उघडायला लावला. आत रेणूचं नाव तसंच. माझी लेक गेली, त्यानंतर हा प्रोग्राम लिहिताना एकूण वजनाच्या आकड्याला मी तिचंच नाव दिलं होतं.

"विलासभाऊ, ही माझी रेणू."

"असं नाव कोणीबी ठेवते, ताई. तुम्ही उगाच भांडून राहिल्या."

शेटजींसमोरच, रेणू जिथं जिथं होती, तिथून विलासनं तिला पुसलं आणि 'वजन' लिहिलं.

प्रोग्राम पहिल्यासारखाच चालला.