मल्लिगेचं कलम

चि. रघूत्तम यास,

म्हैसूरहून तुळसीआत्याचे पोटभर आशीर्वाद. (गुन्हेगार बाईचे आशीर्वाद अमेरिकेत चालतात का, ते कायदा शिकणाऱ्या तुझ्या लेकीला विचारून मगच घे.) तुझी पाठ कशी आहे? सूनबाई बरी? इकडे तुझे बाबा, आमचा वेंकोबादादा, ठीक. मी मात्र ठीक नाही. तुझा फोन बंद झाल्यापासून घशाखाली घास उतरत नाही.

आता तूच सांग, आपल्या घरात धमकीवाचून कुठलं शुभकार्य झालंय? तुझी आई नवी नवरी होऊन आली तेव्हा मी दार अडवून बसले. मुलगी झाली तर माझ्या घरी सून म्हणून देईन, असं कबूल करवलं आणि मगच तिला आत घेतलं. (झालास तू. असो.) त्याला कुणी ब्लॅकमेल म्हटलं नाही, उलट फोटो काढला. तेव्हा दादाच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या शांतीला रजा मिळत नाही असं तू कळवलंस, आणि माझी जीभ आपसूक जुन्या वळणावर गेली. फोनवर निरोप रेकॉर्ड करून पाठवला, की आला नाहीस तर मागल्या खेपेला मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फांदी तिकडे बंदी असून मोज्यात लपवून नेलीस, ते तुमच्या विमानतळावर कळवीन. मोजा ओला केला मी, बॅगेत दडपला मी, म्हणजे चोरही मीच आणि फिर्यादीही मीच! सुम्ने बोलले रे. आपण काही उगाच बोललो की शेवटी 'सुम्ने' म्हणतो, तेवढं म्हणायचं राहून गेलं.

त्यावर तुझं उत्तर आलं, 'आत्या, असलं बोलू नकोस, कलम लागेल.' अय्यो, मला काय आनंद झाला! तुझी आई, आमची नमितावहिनी, गेल्यावर तिच्या हातच्या झाडाची ती फांदी तू नेलीस, परक्या मातीत तिला मूळ फुटतं की नाही याचाच मला घोर. मी लगेच लिहिलं, 'लागू दे! गणपतीपुढे नारळ वाढवते.' तुला वाटलं, म्हातारी कायद्यालाही भीत नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या लेकीने, वाणीने, फोन करून समजावलं, की तिकडे एखाद्याचा गुन्हा कळवीन अशी भीती घालून काही उकळणं हाच मोठा गुन्हा, वर्षभर तुरुंगसुद्धा होतो. ते कलम! आणि म्हणाली, बाबाने घाबरून झाड उपटलं आणि कचऱ्यात टाकलं.

म्हणजे कलम खरंच लागलं होतं रे. वाणी म्हणाली, एक कळीही धरली होती. ती कळी माझ्या जिभेने मारली. मला फार वाईट वाटतंय, रघू. दादाला अजून सांगितलेलं नाही. तो संध्याकाळी परसात वहिनीच्या झाडापाशी खुर्ची टाकून बसतो आणि म्हणतो, रघूकडे एव्हाना फुललं असेल. मी हूं म्हणते आणि आत जाऊन कुकर लावते.

तर आता माझं काही म्हणणं नाही. शांतीला येऊ नकोस, रजा नाही तर नाही. कुणालाही काही कळवणार नाही, फक्त तू बोलणं टाकू नकोस.

तुझी,
तुळसीआत्या

ता. क. संकल्पाला मुलगा शेजारी नसेल तर पाटावर कुणाला बसवू, असं भटजी विचारत होते. दादा म्हणाला, पाट रिकामा ठेवा. हे सुम्ने कळवलं.

ता. क. दुसरा. वाणी फोन ठेवताना माझी समजूत घालत होती. 'घाबरू नको, आत्याआजी, त्या कलमात पैसे नाहीतर मौल्यवान वस्तू मागावी लागते. तू फक्त बाबाला चार दिवस ये म्हणालीस. त्यात मौल्यवान काय आहे? गुन्हाच होत नाही.' मी 'आयितु', बरं बाई, म्हणून फोन ठेवला, पण रात्रभर डोळा लागला नाही. पोरीला सांग, अभ्यास कच्चा आहे. दादाच्या शेजारी चार दिवस तुझं बसणं, याहून मौल्यवान मी जन्मात काही मागितलेलं नाही. मला गुन्हा कबूल आहे. पकडून न्यायला मात्र तूच ये.