उणे एक

३ मार्च
आज सकाळी तिने पुन्हा तोच तुकडा उच्चारला — "कुट". पक्षाघाताला अठरा दिवस झाले. तिच्यापाशी बोलण्यापैकी एवढेच उरले आहे. काहीतरी मागते आहे, हे निश्चित. काय, ते मला कळत नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि कळत नाही!

४ मार्च
मुलीने संगणकावर चार ओळींची आज्ञावली लिहून दिली. बेचाळीस वर्षांच्या रोजनिश्या निवृत्तीनंतर मी त्यावर उतरवल्या आहेत. तिचा शब्द त्यांत कुठेतरी असणारच. "बाबा, शोधायचा तुकडा अवतरणचिन्हांत लिहा. सापडला तर कितव्या अक्षरापासून ते सांगेल, नाहीतर उणे एक." मोजणी मात्र शून्यापासून. हे अशास्त्रीय आहे, असे मी म्हणालो. "यंत्राशी भांडू नका, ते ऐकत नाही."

७ मार्च
नऊशे बारा ठिकाणी सापडला. बहुतेक 'कुटुंब', काही 'मुकुट', उरलेल्या शेजाऱ्यांच्या 'कुटाळक्या'. कुटुंबाचे छायाचित्र तिच्यासमोर धरले. तिने मान फिरवली.

८ मार्च
व्यर्थ.

१० मार्च
आज स्पष्ट म्हणाली — "चुकुट". टंकले. उणे एक. पुन्हा टंकले. उणे एक.

११ मार्च
"ती म्हणाली" हा तुकडा शोधला. दोन हजारांवर वाक्ये निघाली, दुपारभर वाचली. सगळी निर्दोष, विरामचिन्हांसह. ती अशी कधीच बोलत नसे. मी जन्मभर मुद्रितशोधक — तिचे बोलणे लिहून ठेवतानाही दुरुस्त करत गेलो. तिच्या माहेरचा एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. जे मीच खोडले, ते यंत्र कुठून आणणार?

मुलगी म्हणाली, "मावशीला बोलवा." मेव्हणी वीस वर्षे या घरी आलेली नाही, तिच्याही चुका मी काढत असे. फोन केला.

१३ मार्च
मेव्हणी आली. "भाऊजी, आज मला शुद्ध बोलायला जमायचं नाही, आधीच सांगते." पलंगावर बसली. बहिणीने एकदाच म्हटले — "चुकुट". मेव्हणी उठली आणि खिडकीचा पडदा ओढून आली. "ऊन खुपतंय तिच्या डोळ्यांत."

टंकायला उजेड हवा, म्हणून पडदा रोज मीच उघडत होतो.