इंडियानाच्या काठावर उतरलो तेव्हा

ओहायो नदी, बोटीवरून
१४ एप्रिल १८५६

प्रिय ड्रुसिला,

तुला आणि मुलींना माझे आशीर्वाद. प्रकृती उत्तम आहे, खोकलाही गेलाय. मक्याची भाकरी पोटभर मिळते. गाय व्याली का?

कॅन्ससला पोचेपर्यंत गुलामगिरीवरून कुणाशी वाद घालायचा नाही, असं तू बजावलं होतंस. वाद घातलेला नाही.

काल आमची बोट वाळूत रुतली. भार हलका करायला सगळ्यांना इंडियानाच्या काठावर उतरवलं. केंटकीच्या एका जमीनदाराची गुलाम बाई, हेस्टर, त्याची पेटी धरून माझ्याशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "साहेब, हा काठ कुठला?"

"इंडियाना. इथं गुलामी नाही, पण पळालेल्या गुलामांना पकडणारे फिरतात. टेकडीमागे क्वेकर पंथाच्या लोकांची वस्ती आहे, ते आसरा देतात, थेट तिथं जा."

तिनं पेटी खाली ठेवली. ती कुडकुडत होती, म्हणून तू शिवलेला कोट मी तिला दिला. रागावू नकोस. ती पळाली नाही, सावकाश चालत गेली.

बोट निघताना जमीनदारानं विचारलं, "अहो, आमची बाई दिसली का?"

"बायकांच्या खोलीत गेली असेल," मी म्हणालो.

दोन मैलांनंतर ती बोटीवर नाही हे त्याला कळलं, आणि माझा संशय आला. आता जेवताना तो माझ्याकडे रोखून बघतो. सेंट लुईसला तोही उतरणार आहे. पण बोटीवर माणसं पुष्कळ आहेत, काळजी नको.

हे पत्र वाटेत कुणी फोडू नये म्हणून टपालानं न पाठवता घरी परतणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे देतोय.

पाद्रीबाबांना सांग, मी खोटं बोललो. आणि पश्चात्ताप होत नाहीये, त्याचं काय करायचं तेही विचार.

तुझाच,
अ‍ॅसाहेल