अक्रोडावर गुलाब

२५ फेब्रुवारी, रविवार

झाम्फिराचा फोन. तुरीनमध्ये थंडी कमी झालीये. नातवाला दात येतोय. आमची लेक इलेआना कामावर जायला लागली. मग म्हणाली, माझं खणांचं कपाट पाठवून दे. गित्साची व्हॅन दर गुरुवारी आपल्या बाकाऊहून इटलीला निघते, सगळ्यांचं सामान नेते, आपलंही नेईल. ओल्या फडक्यानं पूस, दोन घोंगड्यांत गुंडाळ, माझ्या भावाला हाताशी घे. एवढंच काम आहे.

विचारलं, तिथं कपाट कशाला? म्हणाली, लेकीच्या घरी बॅगेतून कपडे काढून काढून कंटाळले.

ती ऑक्टोबरात गेली. दोन आठवड्यांसाठी.

शेवटी नेहमीचं: तूही ये ना. म्हटलं, बघू. मी गेलो तर जिन्यातल्या दिव्याकडे कोण बघणार?

२६ फेब्रुवारी

कपाट नीट पाहिलं. चार खण. अक्रोडाचं लाकूड. आमच्या लग्नात झाम्फिराच्या वडिलांनी स्वतः करून दिलेलं. ते सुतार होते. काळपट आहे. उदास आहे. असं इटलीत पाठवणं बरं दिसत नाही. तिथल्या लोकांना सौंदर्याची नजर असते.

ठरलं. समुद्री रंग द्यायचा, त्यावर गुलाब. मी एकतीस वर्षं नगरपालिकेत नकाशे काढले. ओढे, गटारं, वळणं, सगळं या हातानं. गुलाब त्यापुढे किरकोळ.

आठवडा पुरेल. म्हणजे ७ मार्चची व्हॅन. याला कोणी लांबवणं म्हणू नये.

२७ फेब्रुवारी

रंग, प्राइमर, तीन ब्रश आणले. दुकानदारानं विचारलं, लाकडावर मेण आहे का? असेल तर आधी सगळं घासून काढा, नाहीतर रंग धरणार नाही. म्हटलं, घासलंय. रंग विकणाऱ्यांना सोबत पॉलिशपेपरही विकायचा असतो, एवढंच.

१ मार्च

आज बायकांना लाल-पांढरा दोरा द्यायचा. शेजारच्या फिलोफ्तेयाबाईंना दिला. झाम्फिराचा पाकिटात ठेवलाय, आली की देईन. व्हॅननं पाठवता आला असता. पण एका दोऱ्यासाठी व्हॅन.

३ मार्च, रविवार

फोन. गुंडाळलंस का? म्हटलं, काम चालू आहे. कसलं काम? म्हटलं, कळेल. तिनं तेच पुन्हा विचारलं. तिकडची लाइन खराब असावी.

४ मार्च

कपाट बाल्कनीच्या दारातून जात नाही. म्हणून काम झोपायच्या खोलीतच. वासामुळे मी स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर. खण रिकामे केले नाहीत, रंग बाहेरूनच द्यायचाय. ती गेल्यापासून माझे शर्टही त्यातच असतात.

प्राइमरचा पहिला हात. लाकडावर तो थेंबाथेंबानं गोळा होतो, मेणकापडावर पाणी पडल्यासारखा. जाड हात दिला. आता होत नाही.

६ मार्च

समुद्री रंग दिला. डब्यात समुद्र वाटतो. कपाटावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यासारखा दिसतो. वाळल्यावर रंगाला खोली येईल.

७ मार्च, गुरुवार

मेव्हणा सोरिन सकाळीच आला. दोन घोंगड्या, दोर, कमरेला पट्टा. खोलीच्या दारात थांबला. म्हणाला, दाजी, हे काय केलंत? मग बोट लावून बघितलं. बोटाबरोबर रंग आला. म्हणाला, दाजी, हे वाळेपर्यंत इस्टर येईल. मी म्हटलं, येऊ दे की, झाम्फिराही इस्टरला येईलच. तो म्हणाला, असं ती म्हणाली? म्हटलं, बोलण्यावरून कळतं.

गित्साला पुढच्या गुरुवारचं सांगितलं.

८ मार्च

महिला दिन. जिन्यातले सगळे पुरुष ट्युलिप घेऊन चढत होते. मी फोन केला. मागं पोर रडत होतं, जास्त बोलता आलं नाही.

फुलांचा आराखडा केला. जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची, सम फुलं थडग्यावर जातात. म्हणून प्रत्येक खणावर तीन. पेन्सिल आणि कंपासनं एक गुलाब काढून बघितला. चिरलेल्या कोबीसारखा आला. रंगात सुधारेल.

९ मार्च, शनिवार

चाळीस हुतात्म्यांचा दिवस. आज पुरुषांनी चाळीस पेले वाइन प्यायची, अशी रीत. सोरिन घरची वाइन घेऊन आला. फिलोफ्तेयाबाईंनी मध-अक्रोड लावलेले आठच्या आकाराचे पाव पाठवले. पेले मोजले नाहीत, पण रीत मोडली असं वाटत नाही.

दुपारनंतर बाराही गुलाब रंगवून टाकले. हात इतका मोकळा कधीच नव्हता.

१० मार्च, रविवार

मोकळाच होता. दुसऱ्या खणावरचे दोन गुलाब एकमेकांच्या अंगावर चढलेत. चौथ्या खणावरचा एक बहुधा सोरिनचा आहे.

फोन. कसं दिसतंय? म्हटलं, जिवंत.

१२ मार्च

फिलोफ्तेयाबाई ताट न्यायला आल्या. त्यांना खोलीत नेलं. कोणीतरी पहिलं बघणारं हवंच असतं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाल्या, अगंबाई, गाव्रिलभाऊ, कोण गेलं?

म्हटलं, कोणी नाही गेलं. एकेका खणावर तीनच आहेत, बघा ना.

त्यांनी बोटानं मोजले. म्हणाल्या, बारा झाले की. म्हटलं, मोजायचं खणाप्रमाणे. म्हणाल्या, कपाट एक आहे की चार? उद्या ती पोर यात नातवाचे लंगोट ठेवणार, गाव्रिलभाऊ. काहीतरी करा.

झाम्फिराला सांगू नका म्हटलं. म्हणाल्या, मी कशाला सांगतेय? त्या दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात.

१३ मार्च

तेरावा गुलाब डाव्या बाजूला काढला. काढताना कोपर ओल्या रंगाला लागलं, फराटा उठला. फराट्याचं फूल करावं लागलं. चौदा. मग पंधरावा वरच्या फळीवर, अगदी मधोमध. हा सगळ्यांत चांगला आला. तासाभरानं त्याचा ओघळ पहिल्या खणावर उतरला. ओघळाचा देठ केला, टोकाला कळी.

कळी फुलात धरायची का? सोरिनला फोन करून विचारलं. म्हणाला, दाजी, मला यात ओढू नका.

१४ मार्च, गुरुवार

व्हॅन गेली. कळीचा निकाल लागल्याशिवाय पाठवणं बरोबर नाही.

१७ मार्च, रविवार

खण उघडत नाहीत. चारही. रंगानं कडा धरल्यात. मेण असलेल्या लाकडाला रंग धरत नाही, म्हणे.

सगळे शर्ट आत, चर्चची पँटही आत. सोरिनची पँट घालून गेलो. सोरिन उंच आहे. पाद्री माझ्या पायांकडे बघून आशीर्वाद देत होते.

संध्याकाळी फोन. तिला सगळं कळलेलं. म्हणाली, फिलोफ्तेया सांगत होती, आपलं कपाट मे महिन्यात फुलांनी झाकलेल्या थडग्यासारखं दिसतंय. म्हटलं, तिला रंगाचं काय कळतं? मग झाम्फिरा हळू म्हणाली, गाव्रिल, खरं सांग, तुला ते पाठवायचंच नाहीये का?

म्हटलं, काहीतरीच काय. आणि हवेतल्या दमटपणाबद्दल सविस्तर सांगितलं.

१९ मार्च

सुरीनं पहिल्या खणाची कड मोकळी केली. खण आला, त्याबरोबर तळहाताएवढा रंगही आला. दुधावरची साय उचलावी तसा, अर्ध्या गुलाबासकट.

खाली अक्रोड. खिडकीच्या उजेडात बघत बसलो. रेषा एका बाजूनं निघतात, फुटतात, पुन्हा मिळतात. पाण्याचे ओढे असेच असतात. एकतीस वर्षं काढले. या कपाटाशेजारी त्याहून जास्त वर्षं झोपलो आणि हे कधी बघितलं नव्हतं.

सालपट गोंद लावून परत चिकटवलं.

२१ मार्च, गुरुवार

व्हॅन गेली. गित्सा म्हणाला, काका, दर वेळी जागा ठेवतो मी तुमच्यासाठी. लोकांच्या बटाट्यांना नाही म्हणतो. ठेवू का पुढंही? म्हटलं, ठेव. शिस्त असावी.

२४ मार्च, रविवार

फोन नाही. पोराला ताप असेल.

आपण करावा असं वाटलं. पण तिचा त्याच वेळी आला तर लाइन लागणार नाही, म्हणून थांबलो.

२८ मार्च, गुरुवार

व्हॅन गेली. मी खाली गेलो नाही. खिडकीतून बघितलं. मागचं दार उघडं होतं आणि आत रिकामी जागा होती, साधारण एका कपाटाएवढी.

३१ मार्च, रविवार

फोन नाही. फिलोफ्तेयाबाईंना सहज विचारलं, काही बोलणं झालं का? म्हणाल्या, झालं. पुढं काही सांगेनात. या बाई गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

वरच्या फळीवर वॉर्निशचा हात दिला. चमक छान आहे.

२ एप्रिल, मंगळवार

दुपारी बेल. दारात झाम्फिरा. हातात लहान बॅग. पहिलं वाक्य, गुरुवारी परत जायचंय, गित्साला सांगून ठेवलंय. दुसरं, ही कोणाची पँट घातलीयेस?

सरळ खोलीत गेली. बराच वेळ उभी राहिली. मी मागून इटलीतल्या लोकांच्या नजरेबद्दल बोलत होतो. तिनं वरच्या फळीवर तळहात ठेवला. उचलला तेव्हा पंधरावा गुलाब तळहातावर होता.

ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तरं तयार होती. म्हणाली, बाबांनी एक अख्खा हिवाळा याला मेण चोळलं होतं. आई म्हणायची, पोरीला नवरा मिळेल पण तुमचं कपाट व्हायचं नाही.

मग ओठ हलताना दिसले. मोजत होती. सोळा झाले असणार. तिनं कळी धरली.

म्हणाली, पाठवायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. म्हटलं, तसं काही नाही, मला गुलाब काढायचे होते. म्हणाली, हो का? कुठायत गुलाब?

३ एप्रिल

सकाळी कॉफीच्या वेळी तिनं निकाल दिला. हे असलं ध्यान लेकीच्या घरात नेणार नाही. आणि बाबांचं लाकूड असं सोडूनही जाणार नाही. रंग उतरवायचा, सगळा. पुन्हा मेण लावायचं. तूच उतरवायचास, मी शेजारी बसते, तुझ्या हातावर आता माझा विश्वास नाही. इलेआनाला फोन केला. तिची सासू येऊन राहील म्हणे.

म्हटलं, एवढी मेहनत केली ती फुकट? म्हणाली, फुकट कशी? शेजारपाजारी हसले की.

माझी मूळ योजना कपाटाला नवं रूप द्यायची होती. आता त्याला जुनं रूप द्यायचंय. तत्त्वतः फार फरक नाही.

खोलीत रंगाचा वास, म्हणून तीही स्वयंपाकघरात झोपते. सोफा दोघांना अरुंद आहे. ती पाय मारते. तक्रार नाही.

४ एप्रिल, गुरुवार

व्हॅन गेली. कपाट नाही, झाम्फिरा नाही. तिनं खाली जाऊन गित्साला बजावलं, हे संपलं की एका फेरीला कपाट, मी आणि हाही. मी म्हटलं, बघू. म्हणाली, बघू नाही, जिन्यातला दिवा सोरिन लावेल. गित्सा मला म्हणाला, काका, आता काही खरं नाही तुमचं.

अंगणातून सोरिन ओरडला, दाजी, जाड पॉलिशपेपर आणा, दोन दिवसांत साफ होईल.

मी स्वतः दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, रंग उतरवायचाय का? मग हा जाड न्या. म्हटलं, नको, लाकूड जुनं आहे, जपायला हवं.

सगळ्यांत बारीक होता तो घेतला.